दत्तू आणि माझा चुकलेला गोल

दत्तू गेला त्याच्या आदल्या रविवारी मी त्याच्या उशाशी बसले होते. माझा धाकटा भाऊ, फिगर स्केटिंगचा राष्ट्रीय विजेता. पण आजारानं पायांच्या पार काटक्या झालेल्या. ते चोळता चोळता मी म्हटलं, "दत्तू, त्या पुण्याच्या स्पर्धेचं..." तर म्हणतो, "ताई, आदी च्या टाक की." चहा घेऊन आले तोवर त्याचा डोळा लागला होता. बुधवारी सकाळी फोन आला... आणि उणीपुरी तीस वर्षं मनात धरलेला प्रश्न माझ्यापाशीच राहिला. त्याला माझा राग आला होता का?

आमचे वडील, आबा, मळवलीत थोडी भातशेती सांभाळून मुंबईकरांच्या एका बंगल्याची राखण करायचे. मालकीणबाईंच्या मुलीचे जुने चाकांचे बूट दत्तूला मिळाले. बर्फ कसला नि काय, आमच्याकडे हा खेळ चार चाकांवरच! बूट मोठे व्हायचे, म्हणून मी चिंध्यांचे बोळे कोंबून द्यायचे. मालक शनिवार-रविवारीच यायचे, म्हणून सोमवार ते शुक्रवार बंगल्याची गच्ची त्याची. एका पायावर, हात पसरून असा वळायचा की आबा ओरडायचे, "आरं, पडशील! कुटं शिकला ह्ये?" आणि स्वतःच बघत उभे राहायचे. गावातली पोरं त्याला 'नाच्या' म्हणायची. मी दगड घेऊन त्यांच्या मागे धावायचे. तो मात्र हसायचा.

पुढे पुण्याच्या एका सरांनी त्याला शिकवायचं कबूल केलं. या खेळात जमिनीवर आखलेल्या गोलाच्या रेषेवरून एका पायानं जायचं असतं. चाक रेषेवरून ढळलं की गुण गेले. सरांनी गोलाचं माप चिठ्ठीवर लिहून दिलं. घरात दहावी झालेली मी एकटी, तेव्हा गच्चीवर तो आखायचं काम माझं. टेप कुठला असायला? मी आबांची भातलावणीची दोरी काढली. त्या दोरीवरच्या खुणा एक जवळ, एक लांब अशा असतात. शेतकऱ्याची लेक मी, दर लावणीला ती दोरी धरलेली... आणि मेलीनं सगळी अंतरं लांबचीच धरून मोजली! गोल लहान आला. वर्षभर, टाचा सोलून निघेपर्यंत, दत्तू त्या लहान गोलावर फिरला.

पुण्याच्या स्पर्धेत तो शेवटचा आला. पाय सारखा रेषेच्या आत वळत होता. परदेशी जाणारा संघ त्याच स्पर्धेतून निवडला गेला. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या शिंप्याचा टेप आणून गोल मोजला, तेव्हा चूक कळली. रडत रडत त्याला सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि बुटांची चाकं पुसायला लागला. नंतर तो देशात पहिला आला, एकदा नव्हे, कितीदा तरी. परदेशाची संधी मात्र पुन्हा आली नाही. प्रत्येक पदक तो आधी माझ्या गळ्यात घालायचा, आणि मला ते टोचायचं. विचारायचा धीर काही झाला नाही.

तो गेल्यावर महिन्याभरानं मी लोणावळ्याला गेले, तो शिकवायचा त्या हॉलची त्याच्याकडची किल्ली परत द्यायला. मुलं सराव करत होती. फरशीवर एक पांढरा गोल आणि त्याच्या आत एक लहान, पिवळा.

"हा कशाला गं?" मी त्याच्या शिष्येला, सानिकाला विचारलं.

"मावशी, नवीन मुलांना सर आधी ह्याच्यावरच फिरवायचे. लहान गोलावर तोल जमला की मोठा सोपा जातो. दरवर्षी स्वतः रंगवायचे, आम्हाला ब्रशला हात लावू द्यायचे नाहीत."

"असं कुठे शिकला होता तो?"

"ते म्हणायचे, हा ताईचा गोल. मी चॅम्पियन झालो तो ह्याच्यामुळे."

मेल्या, हे मला सांगितलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं रे! तीस वर्षं... मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या पिवळ्या रेषेवरून चालू लागले. डोळे भरून आले होते, धड काही दिसत नव्हतं.

"मावशी," मागून सानिका म्हणाली, "रेष सोडू नका."