अकरा खोल्यांचं ‘मान्य’

भेस्तानच्या आमच्या खोल्यांच्या लाइनीतल्या चार नंबरच्या मावशींनी मला सुरतेत ठेवून घेतलं. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या माणसाला उपकाराची जाणीव नाही. जाणीव आहे. म्हणून तर लाज जात नाही.

माझं गाव धुळ्याकडचं. आठवी अर्ध्यात सोडली आणि सतराव्या वर्षी एका गाववाल्याच्या भरवशावर इथं आलो. तो गाववाला महिन्यापूर्वीच खोली सोडून वापीला गेलेला. मी पिशवी घेऊन त्याच्या कुलपासमोर उभा. चार नंबरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं गाव विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाली, माझ्या माहेरापासून दोन कोसावर आहे की ते. दोन कोस नव्हतंच, चांगलं दहा कोस होतं, हे मला पुढे कळलं. पाच महिने मी त्यांच्या गॅलरीत झोपलो. त्यांच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, मला डाइंग मिलमध्ये चिकटवलं. आमचा मकानमालक एकट्या पोरांना खोली देत नाही. त्याला या बाईंनी बेधडक सांगितलं, हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तेव्हापासून त्या मावशी. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी चलथाणकडून ऊस मागवला आणि पंधरा दिवस रोज रस पाजला. माझ्या आईला फोनवर सांगायच्या, पोरगा ठणठणीत आहे, तू जेव.

या मावशींना वाचता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांच्याशिवाय फक्त काकांना ठाऊक होती. माझ्यामुळे ती अकरा घरांना कळली, आणि मग त्यांच्या शेठला.

मागच्या गल्लीत साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करायचं एक युनिट आहे. तिथं आठ बायकांच्या टेबलावर मावशी सहा वर्षं मुख्य होत्या. लागताना शेठनं शिक्षण विचारलं, तेव्हा त्यांनी सातवी सांगितलं होतं. आकडे त्यांना पक्के येतात. पार्टीचं, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं, नाव लेबलावर गुजरातीत छापलेलं असायचं, ते त्या चेहऱ्यासारखं ओळखायच्या. हा वाकड्या नाकाचा म्हणजे बारडोलीवाला, हा लांब शेपटीचा म्हणजे नवसारीचा. कधी चूक नाही. पण दिवाळीनंतर शेठनं ठरवलं की कुठल्या पार्टीचा माल कधी बांधला ते टेबलाच्या मुख्य बाईनं स्वतः वहीत लिहायचं. त्याची तयारी करायला दोन महिने दिले होते. मावशी पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी ठरवलं, शिकायचं. जेवणाच्या सुट्टीत घरी यायचं, दार लोटून घ्यायचं, आवाज बारीक करायचा आणि टीव्हीवर लहान मुलांच्या चित्रांमधून गुजराती अक्षरं बघत बसायचं. कमळाचा क, खटाऱ्याचा ख. त्या वहीसाठी, टेबलावरच्या त्या जागेसाठी हे सगळं होतं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

टीव्हीला नेटवरून चॅनेल दाखवणारी डबी मीच लावून दिली होती. एकट्या मावशींच्या नाही, लाइनीतल्या अकराही खोल्यांच्या. माझा हात अशा कामात चालतो. डबी एका साध्या कंपनीची होती. चॅनेल सगळ्यांचे, डबी फक्त दाखवायची. चालू करताना खातं उघडायला मेल लागायचा, आणि तो माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता. मग मी माझ्याच मेलवर एकच खातं उघडलं आणि अकरा डब्या त्यात घातल्या. आमच्याकडे असंच चालतं. नळ एक, मीटरची पेटी एक, वायफाय एक, तसं खातंही एक. गोंधळ नको म्हणून प्रत्येक डबीला मी नाव दिलं, ‘पाच नंबर’, ‘सात नंबर वहिनी’, ‘चार नंबर मावशी’. त्या कामाचा मला फार अभिमान होता.

मग ती कंपनी विकली गेली. घेणारी कंपनी मोठी, तिच्या स्वतःच्या मालिका, स्वतःचे पिक्चर, स्वतःचे चॅनेल. ही बातमी मला मोबाइल रिपेरिंगवाल्या काकांनी दिली. म्हातारा गुजराती माणूस, डोळ्याला भिंग लावून बोलतो. म्हणाला, आजवर दुकान त्याचं होतं आणि माल सगळ्यांचा होता. "हवे दुकान बी एनी, ने माल बी एनो." आता दुकानही त्याचं आणि मालही त्याचाच, तो आपलाच माल पुढे मांडणार, आणि तू काय उचलून बघतोस तेही लिहून ठेवणार. जरा सांभाळ. मी म्हटलं, काका, आपण असं काय मोठं बघतो की कुणी लिहून ठेवावं? तो हसला आणि परत मोबाइलात वाकला.

पंधराएक दिवसांनी मी मिलमध्ये होतो. मशीनवर कापडाचा लॉट चढवला होता, थोडी सवड होती. सात नंबरच्या वहिनींचा फोन आला की टीव्ही अडकलाय, पडद्यावर नुसतं इंग्रजी आलंय. मागोमाग नऊ नंबरचा आला. माझ्या मोबाइलवरही तेच इंग्रजी आलेलं. बोटानं वर ढकललं तर ते संपेना. खाली निळं ठळक बटण, ‘मान्य’चं. त्याच्याखाली फिक्या अक्षरात आणखी काहीतरी होतं. आठवीपर्यंतच्या इंग्रजीवर मी पहिल्या ओळीतले तीन शब्द लावले आणि निळं बटण दाबलं. अकरा घरांचे टीव्ही एकदम सुरू झाले. संध्याकाळी लाइनीत शिरलो तर जो तो म्हणतो, भाऊ, तू आहेस म्हणून बरं. वहिनींनी चहा पाजला. मी तो मिटक्या मारत प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून पडदा बदलला. वरच्या दोन ओळींत त्याच कंपनीच्या मालिका. मराठी चॅनेल आधी पहिल्या जागी असायचा, तो कुठंतरी खाली गेला. काकांची अहिराणी गाणी एक-एक अक्षर दाबून शोधावी लागायला लागली. ते कुरकुरले, तर मीच त्यांना समजावलं की अपडेट आहे, सवय होईल.

आणि मधे एक नवी ओळ आली, ‘पुढे बघा’. अर्धवट राहिलेलं तिथं दिसायचं, आणि कुठल्या डबीवर, किती वाजता राहिलं तेही. अकरा खोल्या, एक वायफाय, एक खातं. कंपनीला ते एकच मोठं घर वाटलं असणार. पाच नंबरची कुस्ती सगळ्यांना दिसायला लागली, नऊ नंबरच्या आजींचा भुताचा पिक्चर दिसायला लागला. लोकांना आधी मजाच वाटली. मलाही वाटली. ‘चार नंबर मावशी’ या माझ्याच हातानं लिहिलेल्या नावाखाली कमळ आणि खटारा बघितल्यावर तर मला हसू आवरेना.

सकाळी नळावर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "चार नंबरला पाळणा हलला वाटतं. रोज दुपारी कमळाचा क चालू असतो."

पुरुष हसले. पाच नंबरवाला म्हणाला, काकांना पेढे मागा. सात नंबरच्या वहिनी हंडा भरत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या मावशींच्याच टेबलावर काम करतात, दहावी पास आहेत, आणि त्यांनी तिथल्या तिथं दोन आणि दोन चार केले. माझ्या मात्र डोक्यातच आलं नाही. कुणाचं तरी लेकरू बसत असेल, एवढाच माझा विचार. पाटीवरचं वाचता येत नाही म्हणून मी स्वतः कितीदा डोळे दुखतात असं सांगून दुसऱ्याला वाचायला लावलंय. इंग्रजी पाटी असली की अजूनही लावतो. बाकी कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं.

पुढचं मला चार नंबरच्या काकांनी सांगितलं. दोन दिवसांनी टेबलावर घड्या चालल्या असताना वहिनी सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मावशी, खटाऱ्यापर्यंत पोचल्या का?" बायका हसायला लागल्या. मावशींचे हात थांबले. शेठ पलीकडेच होता. त्यानं काय झालं विचारलं आणि वहिनींनी सांगितलं. शेठनं एक लेबल उचलून मावशींपुढे धरलं. नेमकी नवी पार्टी, चेहरा ओळखीचा नाही. मावशींनी पहिलं अक्षर वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं जोडाक्षर होतं. सगळ्या बायका बघत असताना मावशी त्या अक्षरावर किती वेळ थांबल्या कुणास ठाऊक.

शेठ आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्यानं कामावरून काढलं नाही. "खोटुं केम बोल्या, बेन?" खोटं का बोललात, एवढंच विचारलं, आणि वही वहिनींकडे सरकवली. मावशी टेबलाच्या टोकावरच्या मुख्य जागेवरून मधे, बाकीच्या बायकांत आल्या. ठरलेल्या दोन महिन्यांतले अजून वीस दिवस बाकी होते.

लाइनीत सगळे मलाच विचारायला आले की टीव्हीनं हे सांगितलं कसं. मी सांगितलं, कंपनी विकली गेली, नवा मालक सगळं बघतो, आपल्या हातात काय आहे? यात खोटं काही नव्हतं. लोकांनी कंपनीला शिव्या दिल्या, मीही त्यांच्यात मिसळून दिल्या, आणि दाबलेल्या बटणाबद्दल गप्प राहिलो. मिलला जाताना चार नंबरवरून जावं लागू नये म्हणून तीन दिवस मी पाठीमागच्या गटाराच्या बाजूनं गेलो.

चौथ्या दिवशी काका बोलवायला आले. मावशी खाली बसल्या होत्या. डबी काढून रुमालात गुंडाळून त्यांनी पुढ्यात ठेवली होती. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं की या डबीनंच सगळ्यांना दाखवलं ना, ही कंपनीनंच केलेली लबाडी ना. मी हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. त्यांना तसंच ऐकायचं होतं असं मला अजूनही वाटतं.

मी सांगितलं. एकच खातं, नावं मी दिली, इंग्रजी आलं ते न वाचता बटण मी दाबलं. नळावरची चेष्टासुद्धा मीच आधी केली, हेही सांगितलं. सांगताना रुमालाकडे बघत होतो.

काका म्हणाले, अरे, कंपनीनं फसवलं, पोराचा काय दोष? मावशींनी त्यांना हातानं थांबवलं. त्या माझ्याशी एरवी मराठीत बोलतात, फार जवळचं असलं की अहिराणीत.

"माले इचारं व्हतं का तू?"

नव्हतं विचारलं. अकरा घरांतल्या कुणालाच नव्हतं विचारलं. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं. त्या उठल्या आणि भाकरी थापायला लागल्या. मला जेवायला थांब म्हणाल्या नाहीत. दहा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

मी मोबाइल घेऊन रिपेरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून ते सगळं इंग्रजी गुजरातीत वाचून दाखवलं. अर्धा तास लागला. काय बघता, कुठल्या डबीवर बघता, किती वाजता बघता, हे कंपनी ठेवणार आणि आपल्या बाकीच्या कंपन्यांना देणार, असं त्यात साफ लिहिलेलं होतं. मी विचारलं, आणि निळ्याखाली ते फिकं काय होतं? ते म्हणाले, तिथं जाऊन ही ‘पुढे बघा’ची ओळ बंद करता येत होती. पहिल्याच दिवशी.

मग सुट्टीच्या दिवशी मी दारोदार गेलो. प्रत्येकाच्या नंबरावर मेल काढून वेगळं खातं उघडलं, कागदावर उतरवून आणलेलं वाचून दाखवलं आणि विचारलं, मान्य करू का? तीन घरांनी डबीच परत दिली. नऊ नंबरच्या आजी म्हणाल्या, भुतं मी बघते, त्यात कंपनीच्या बापाचं काय जातं, कर मान्य. वहिनी म्हणाल्या, मला काय लपवायचंय? त्यांच्या टीव्हीशेजारी ती वही ठेवलेली होती. चार नंबरची डबी रुमालातच राहिली. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा नको म्हटलं.

आता त्या पुन्हा माझ्याशी बोलतात. सणाला ताट पाठवतात. आईला फोनही करतात. पण मागच्या आठवड्यात मी मिलमधून येत होतो तेव्हा मावशी एका बंद शटरसमोर उभ्या दिसल्या. वरच्या पाटीकडे बघत होत्या, ओठ हलत होते. शेवटच्या शब्दापर्यंत आल्या असतील. मी दिसलो आणि त्यांनी ओठ मिटले, पदर सावरला आणि कुठल्या पाळीवरून आलास म्हणून विचारलं. पाटी आम्ही दोघांनीही बघितली नाही असं दाखवून घरापर्यंत चालत आलो.

मावशी, गुजरातीनंतर आपली मराठी अक्षरंही तुम्ही शिकाल, तेव्हा हे कुणाकडून वाचून घेऊ नका, सावकाश का होईना, स्वतः वाचा. तुमची जागा माझ्यामुळे गेली. ती परत कशी मिळवून देऊ ते मला अजून कळलेलं नाही. शेठकडे जाऊन, चेष्टा माझी होती आणि तुमची मुदत अजून संपली नव्हती, हे सगळं सांगायची हिंमत अजून झालेली नाही, पण या वेळी तुम्हाला आधी विचारीन, आणि तुम्ही हो म्हणालात तर जाईन. तेवढ्यानं नाही झालं तर दुसरं काही करीन. तुमची फेड केल्याशिवाय मी सुरत सोडणार नाही.