उघडू न दिलेला कॉम्प्युटर

हा तपास विसरावा म्हणून मी बराच प्रयत्न केला, पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावात कॉम्प्युटर एकच. बसस्टँडजवळच्या दुकानात तिशीतला एक माणूस लग्नपत्रिका, अर्ज, जाहिराती छापून द्यायचा. घरी तो आणि त्याची म्हातारी आई, एवढीच माणसं.

गावातल्या एका व्यापारी कुटुंबातल्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी झालं. बुधवारी नवऱ्या मुलाच्या घरी, हिंगणी गावात, निनावी पत्र पोचलं. मुलीच्या वागणुकीबद्दल त्यात वाटेल ते लिहिलं होतं. पत्र कॉम्प्युटरवर छापलेलं होतं. गुरुवारी लग्न मोडलं. शुक्रवारी मुलीनं विष घेतलं आणि शनिवारी वर्ध्याच्या दवाखान्यात ती वारली. मी मरणोत्तर पंचनामा केला. वय वीस.

रविवारी सकाळी मुलीचे मोठे वडील, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, ठाण्यात आले. डोळे लाल, आवाज बसलेला.

"साहेब, गावात कम्प्युटर एकच हाय. आता मी का सांगू तुमाले?"

त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, आणि घ्यायची गरजही नव्हती. मला ती खबर पक्की वाटली, कारण मी स्वतःही तोच हिशेब मनात करून बसलो होतो. तासाभरात दोन पंच घेऊन आम्ही दुकानावर छापा घातला.

दुकानदार कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून, हातात पेचकस घेऊन बसला होता. पोलिसाच्या डोळ्याला हे दृश्य कसं दिसलं असेल ते सांगायला नको. पुरावा नष्ट करताना आरोपी रंगेहात सापडला, असंच मी धरून चाललो.

"साहेब, दहा दिवस झाले, मशीन सुरूच नाई होऊन राह्यली," तो म्हणाला. "वर्ध्याचा मेकॅनिक येतो येतो म्हणते, येत नाई. मले वाटते हा सीडी ड्राइव्ह खराब झाला, त्याच्यापायी सगळं अडकून राह्यलं. ही तार तेवढी काढू द्या, मंग पाहा."

त्यानं तारेकडे हात नेला आणि मी त्याच्या कानाखाली लगावली. "हात लावायचा नाही!" असं ओरडलो, तेही आठवतं.

मग सगळं नियमाप्रमाणे झालं. कॅबिनेटचे स्क्रू मोजून कागदाच्या पुडीत बांधले, पंचनाम्यात लिहिले. कॉम्प्युटर कापडात शिवून घेतला, गाठींवर लाख ओतून ठाण्याचा शिक्का मारला, पंचांच्या सह्या घेतल्या. असं व्यवस्थित सील माझ्या हातून क्वचितच लागलं असेल, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. ते आता कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी उघडू शकणार नव्हतं.

आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं कलम लागलं. पोलीस कोठडीत पाच दिवस मी त्याला विचारत होतो. माणूस खोटं बोलतो तेव्हा रोज थोडं बदलून बोलतो, हा माझा अनुभव. हा मात्र पाचही दिवस तेच सांगत होता: मशीन साक्षगंधाच्या आधीच्या गुरुवारपासून बंद आहे, तार काढून पाहा. तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी उलट म्हणालो, पाठ करून आला आहे.

त्याची आई रोज दुपारी डबा घेऊन यायची. ड्यूटीवरचा शिपाई डबा उघडून पाहायचा, मग आत द्यायचा.

"माह्या पोराची मशीन बिघडली होती, साहेब," एकदा ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली. "घरी तोंड पाडून बसून राहे. तुमी काऊन नाई पाहत खोलून?"

"सगळ्या आया असंच सांगतात, बाई," मी म्हणालो, आणि पुढची फाइल ओढली.

सहाव्या दिवशी त्याला न्यायालयीन कोठडी मिळाली आणि आम्ही त्याला परस्पर वर्ध्याच्या जेलमध्ये नेऊन सोडलं. म्हातारीला कोणी कळवलं नाही. ती नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली. लॉकअप रिकामं पाहून बाकावर बसली आणि थोड्या वेळानं डबा तिथेच ठेवून निघून गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी ती वारली. बंदोबस्तात त्याला अग्नी द्यायला आणलं. मी हातकडी काढायला सांगितली, माझ्याकडून झालं ते तेवढंच.

पुढे त्याच्या वकिलानं अर्ज केला. कोर्टाच्या आदेशानं वर्ध्याहून कॉम्प्युटर शिकवणारे एक सर आले. ठाण्यातच, पंचांसमोर, मी सील तोडलं. सरांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि सगळं तिथेच थांबलं. त्यांनी वीज बंद केली, आत वाकून पाहिलं आणि सीडी ड्राइव्हची रुंद पट्टीसारखी तार उपसून बाजूला केली. मग आतल्या तारखा बदलू नयेत म्हणून जवळच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. लगेच फायलींची यादी सरसर वर गेली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"मशीन नुसतं सुरू केलं तरी आतल्या काही फायलींवर त्या दिवसाची तारीख पडते," सर म्हणाले. "इथे शेवटची तारीख ही आहे."

ती साक्षगंधाच्या आधीच्या गुरुवारची होती. मी फाइलमधलं पत्र पुन्हा काढलं. पत्रात साक्षगंधाच्या दिवसाचा उल्लेख होता: बोटात अंगठी जाईना, तेव्हा मुलगी आत जाऊन रडली, म्हणजे तिचं मन दुसरीकडे आहे. मी ते पत्र वीसदा वाचलं होतं. ते कशावर छापलं, एवढंच पाहिलं होतं. आतल्या खोलीतलं रडणं घरच्यांशिवाय कोणाला माहीत असणार?

त्याच संध्याकाळी मी मोठ्या वडिलांना बोलावलं. आवाज चढवला नाही.

"पोरगी आत रडली, हे बाहेरच्याला कसं कळलं?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "स्थळ पयले माह्या पोरीले सांगून आलतं, साहेब. लग्न मोडन, एवढंच वाटलं होतं. पोरगी जाईन असं नाई वाटलं." पत्र त्यांनी वर्ध्यात छापून घेतलं होतं. तिथल्या दुकानदारानं त्यांना ओळखलं.

आमच्या गावचा दुकानदार सुटला. कॉम्प्युटर परत घ्यायला आला, तेव्हा दाढी वाढलेली होती. सुपूर्तनाम्यावर सही केली, पण मशीनकडे पाहिलंही नाही. मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तोच म्हणाला,

"साहेब, आईचा डबा घरी नाई. इथंच राह्यला का?"

लिखापढी करणाऱ्या रायटर हवालदारानं शोधला. मुद्देमालाच्या खोलीत कपाटावर होता, कोणीतरी धुऊन ठेवलेला. रजिस्टरला नोंद नव्हती, म्हणून सहीही लागली नाही. त्यानं झाकण काढून आत पाहिलं.

"त्या शेवटच्या दिवशी काय आणलं होतं तिनं?"

रोज डबा उघडून पाहणाऱ्या शिपायाकडे मी पाहिलं. "लॉकअप रिकामं होतं, त्या दिवशी खोलून पाह्यला नाई," तो म्हणाला.

त्यानंतरच्या नोकरीत आरोपी "हे तपासून पाहा" म्हणाला, की मी ते पंचनाम्यात लिहून घ्यायचो आणि आधी तेच तपासायचो. त्यातून दोन-तीन माणसं वाचली असतील. त्या कॅबिनेटचे स्क्रू किती होते, ते आजही कागदावर सापडेल. त्या दिवशी डब्यात काय होतं, ते आमच्यापैकी कोणीच लिहून ठेवलं नाही.