शिट्टी मास्तरांचा रविवार

शाळेत कवायत शिकवणाऱ्या मास्तरांना सगळी इमारत शिट्टी मास्तर म्हणायची. इमारतीच्या ग्रुपवर पहाटेचा पहिला मेसेज त्यांचाच: उठा, चाला, घाम गाळा. लोक चेष्टा करत, पण पसंतीचे अंगठेही टाकत. आजारपण म्हणजे निम्मं सोंग, असं मास्तरांचं ठाम मत होतं. स्वतः कधी आजारी न पडलेल्या माणसाला असली मतं परवडतात.

मग बायकोला ताप आला. विषाणूचा ताप, आठवड्याभरात उतरलाही. थकवा मात्र घरात ठाण मांडून बसला. भांडी विसळता विसळता ती मध्येच खाली बसे. त्याच सुमारास कुणीतरी पुढे ढकललेला एक मेसेज आला: तापानंतर आराम केलात तर थकवा हाडांत मुरतो, जिने चढा. खाली कुण्या मोठ्या डॉक्टरांचं नाव होतं. हे डॉक्टर कोण, कुठले, मास्तरांनी विचारलं नाही. आपल्या मनातलंच कुणी लिहून पाठवलं की शहानिशा करायला कोण बसतं?

शाळेच्या व्यापातून शुक्रवारची संध्याकाळ मोकळी सापडे. "चल गं, गच्चीपर्यंत!" म्हणत मास्तर शिट्टी फुंकत. ती कठडा धरून चढे, वर त्यांच्यासाठी हसूनही दाखवी. शनिवारी बरी असे. रविवारी आराम, आणि नेमकं रविवारीच तिला उशीवरून डोकं उचलवेना. दर आठवड्याला तेच.

मास्तरांनी कवायतीच्या शिस्तीत हिशेब मांडला: जिने चढते तेव्हा ठीक, आराम करते तेव्हा आडवी. म्हणजे दोष आरामाचा! त्यांनी ग्रुपवर छातीठोकपणे लिहिलं, "स्वानुभव सांगतो, आराम हाच शत्रू." अंगठ्यांचा पाऊस पडला. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी लिहिलं, "आमच्या लेकीलाही तोच ताप येऊन गेलाय. मीही शिट्टी आणते बघा!" मास्तर हसले, आणि पुढच्या रविवारीही बायकोला जिने चढायला लावलं.

त्यानंतर ती उठलीच नाही. उजेड डोळ्यांना खुपू लागला, चमचा हातात जड झाला. खिडक्यांना चादरी लागल्या. ज्या घरात शिट्टी वाजत होती तिथे मास्तर चोरासारखे पाय न वाजवता फिरू लागले.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "जिने शुक्रवारी, आणि पडल्या रविवारी. या तापानंतर काही जणांचं असं होतं, मास्तर. झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की फटका लगेच बसत नाही, दिवस-दोन दिवसांनी बसतो. तुम्ही धरलंत रविवारला, चोर शुक्रवारीच येऊन गेला होता."

"बरी होईल ना?"

"काही जण हळूहळू सावरतात. यांचं खात्रीने सांगता येणार नाही मला. पण आता आणखी एक फटका बसू देऊ नका. त्यांना उठवू नका, उठूही देऊ नका."

मेसेजमध्ये कशी सगळी खात्री होती! मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. बाई गेल्यावर त्यांनी दाराशी उभं राहून ग्रुपवर लिहिलं: "मी चूक होतो. तापातून उठलेल्याला जबरदस्तीने चालवू नका, डॉक्टरांना दाखवा." लगेच कुणीतरी हसरा चेहरा टाकला. "काय मास्तर, वहिनींनी वठणीवर आणलं वाटतं?" वरच्या काकूंनी मेसेज पाहिलाच नव्हता. मास्तरांनी काकूंना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग कुणाची तरी धाप. मास्तर दार उघडायला वळले, तेवढ्यात वरून कर्कश शिट्टी वाजली.

त्यांचा हात गळ्याकडे गेला. त्यांची शिट्टी तिथेच होती.

"थांबा हं, अहो," आतल्या अंधारातून बायकोचा बारीक आवाज आला. "आले मी. ओरडू नका." आणि खाट कुरकुरली.