मागे बांधलेले हात

"फुटली तं फुटली. तू धर." एवढं म्हणून मॅडम दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहायच्या.

यवतमाळच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मी तिथे झाडझूड करायचे. चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, म्हणून हे वहीतच लिहिते.

तुम्ही समोरून पाहिलं असतं तर म्हणाला असता, बाई किती निवांत आहेत. मी झाडू घेऊन मागे असायचे. एका हातानं दुसरं मनगट त्या इतकं घट्ट धरायच्या की बोटं पांढरी पडायची. प्रयोग करणाऱ्या पोरीच्या हातातली काचेची नळी आपणच घ्यावी, असं त्यांनाही वाटत असणार. पण घ्यायच्या नाहीत.

कळंबहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. पहिल्याच दिवशी तिच्या हातून काचेची परीक्षानळी पडली. ती रडायलाच लागली.

"काहून रडून राह्यली?"

"घरी नोका सांगू, मॅडम."

"सांगीन ना! तुमच्या पोरीनं आज हात लावला म्हणून सांगीन. मावशी, झाडू आणा. अन् तू दुसरी घे."

मोठ्या बाई एकदा चिडल्या. "मॅडम, तुमच्या वर्गात काच राहते का कचरा?"

"कपाटात ठेवली तं नाहीच फुटत, मोठ्या बाई. पण कपाट काही दहावी पास होत नाही."

मी पदर तोंडाला लावला.

आधीच्या शाळेत मुलं-मुली एकत्र होती, असं त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. "पोरं नळी धरत, पोरी वही लिहत. अक्षर मोत्यासारखं, हात मात्र कोरे. म्हणून मी इथं आली, मावशी. इथं पोरीशिवाय धरायले कोणीच नाही."

पुढे पोरी कमी झाल्या. शाळा शेजारच्या मुलांच्या शाळेत मिळवायचं ठरलं. शाळा वाचवायला मॅडम घरोघरी फिरल्या. लोक म्हणाले, बहीण-भाऊ एका ठिकाणी जातील, बरंच आहे. त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "पोरींकडे लक्ष ठेवजा, मावशी." मी नुसती मान हलवली. मग त्या पुण्याला लेकीकडे गेल्या.

आता वर्ग मुलांच्या शाळेत एकत्र भरतो; कपाट आणि मीही तिकडेच आलो. मुलं नळी धरतात, मुली लिहून घेतात. नवीन सर वाईट नाहीत, फक्त "लवकर आटपा" म्हणतात. काच फुटत नाही. माझ्या सुपलीत नुसती धूळ येते. कितीतरी महिने मी हे पाहिलं, आणि तोंड उघडलं नाही.

परवा सर ऑफिसात गेले होते. एका मुलीनं हळूच नळी उचलली आणि ती निसटली.

"पाह्यलं? म्हणून म्हणतो, तू लिह," शेजारचा मुलगा म्हणाला. वर्ग हसला. तिनं वही जवळ ओढली.

मी झाडू भिंतीला टेकवला. कपाट उघडून दुसरी नळी काढली आणि तिच्यापुढे धरली. आवाज निघेना. मग निघाला.

"फुटली तं फुटली. तू धर."

तिनं धरली. नळी एका बाजूला कलली. माझे हात आपोआप पुढे जायला लागले, तेव्हा मी ते मागे घेतले आणि मनगट घट्ट धरून ठेवलं. त्याला किती जोर लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

माझ्या मागे मात्र पाहायला कोणी नव्हतं.