उजवीकडचा पाइप

वैशाखातल्या एका मंगळवारी दुपारी साडेतीनला फोन वाजला, तेव्हा मी नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर पडून होते. धरणाकाठचा रंगनाथ बोलत होता. "ताई, दादा बोटीत आडकलेत. कमरंपर्यंत आत हायेत, पाय भाईर. लई हाका मारल्या, बोलत न्हाईत." पाय हलतायत का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुमी या."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही पाथर्डीकडचे. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं आणि आम्ही बैलगाडीत बसून साखर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहायला जायचो. मी सहा वर्षांची होते, तो बाराचा. तळाजवळून कालवा वाहायचा. आमच्या गावाकडे हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर ताटकळावं लागायचं, आणि इथे एवढं पाणी कुणालाही न विचारता वाहत होतं. दादा मला कडेवर घेऊन काठावर बसायचा आणि बघत राहायचा. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागला. चार वर्षं राहिला. मग वडील गेले, माझं डी.एड. व्हायचं होतं, म्हणून तो परत आला आणि नागापूरच्या एमआयडीसीत फिटर झाला. बत्तीस वर्षं. मी शिक्षिका झाले ती त्याच्या जिवावर. मुंबईबद्दल तो फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाला होता, "तिथं मला काम येत हुतं बाये. हितं मी फकस्त नोकरी केली."

वहिनी गेल्यानंतर दोन वर्षं तो घरातच बसून होता. मुलगा पुण्यात, रविवारी फोन करायचा. मग कुठूनतरी दादाला कळलं की एका बंगल्यामागे शिडाची जुनी बोट पडून आहे, मालकाला ती नको आहे. जेमतेम वीस फुटांची, फायबरची, रंग उडालेली. ती त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून मुळा धरणाच्या फुगवट्यावर नेली. रंगनाथची जमीन तिथे पाण्याला लागून आहे. त्याच्या बांधावर लाकडी ठोकळ्यांवर ती उभी केली आणि दादा रोज स्कूटरवरून तिकडे जायला लागला. लोक हसले. मीही हसले. पण तो पुन्हा दाढी करायला लागला, हे मी पाहिलं होतं.

वर्षभरात त्याने जवळजवळ सगळं नीट केलं. राहिले होते ते पाइप. बोटीच्या मागच्या भागात बसायची खोलगट जागा असते. तिथे पडलेलं पाणी बाहेर जावं म्हणून तळाला दोन भोकं असतात आणि त्यांना जोडलेले दोन रबरी पाइप बोटीच्या पोटातून बाहेरच्या अंगाला जातात, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे पाइप तडकले की वरचं पाणी बाहेर न जाता बोटीच्या आत साचतं. आमच्या बोटीचे पाइप वाळून लाकूड झाले होते. आणि ते होते अशा जागी, की बाकाखालचं झाकण उघडून छातीपर्यंत आत शिरायचं, मान वाकडी करायची आणि न दिसणाऱ्या क्लिपेपर्यंत हात लांबवायचा.

"तुजा हात बारीक हाय," दादा म्हणाला. "माजा पंजा तिथं मावत न्हाई."

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी साडीऐवजी सुनेचा पंजाबी ड्रेस घालून त्या भोकात शिरले. डावीकडचा पाइप बदलायला आम्हाला दोन खेपा लागल्या. जुना पाइप ओढून निघेना, म्हणून ब्लेडने उभा चिरून सोलून काढला. नवा पाइप चढेना, तेव्हा दादाने थर्मासमधल्या गरम पाण्यात त्याचं टोक बुडवून मऊ केलं आणि माझ्या हातात दिलं. आत अंधार, घाम डोळ्यांत, आणि वरून त्याचा आवाज यायचा, "घाई न्हाई. बोटांनी बघ. बोटांना दिसतं..." शेवटची क्लिप आवळून मी बाहेर आले तेव्हा माझं कोपर सोललं होतं. त्याने पाण्याचा तांब्या ओतला. पाणी बाहेरच्या बाजूने खाली मातीत पडलं. तो ते बघत उभा राहिला. मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा.

त्या मंगळवारी सकाळी आठला त्याचा फोन आला होता. "उजवीकडचा आज उरकून टाकू. येतीस का? तुला घ्यायला येतो."

मी म्हणाले, माझा गुडघा दुखतोय.

गुडघा दुखत नव्हता. ऊन होतं, कंटाळा आला होता, इतकंच. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं असतं तर मी गेले असते. पण दादाने जन्मात कुणाला काही दुसऱ्यांदा मागितलं नाही. "बरं. आराम कर," म्हणाला.

मी पोहोचले तेव्हा रंगनाथने आणि शेजारच्या दोघांनी त्याला पायांना धरून बाहेर काढलं होतं. बाभळीखाली बाजेवर ठेवलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत खरचटलेला, शर्टाची बाही फाटलेली. उन्हात तापलेल्या त्या भोकात तो किती वेळ अडकून होता, कुणालाच माहीत नाही. रंगनाथ सकाळीच राहुरीला गेला होता, तो तीननंतर परतला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसेल. पण मी त्याचे हात पाहिले होते.

दहाव्याला आलेले लोक म्हणाले, आवडीचं काम करता करता गेला, भाग्यवान माणूस. मी मान हलवत राहिले. मला रात्रंदिवस एकच दिसतं... तो आत अडकलाय, बाहेर येता येत नाही, हाक मारली तरी ऐकायला कोणी नाही, आणि मी कूलरसमोर पडलेय. माझं शरीर त्या भोकात मावलं असतं. दोन-तीन तासांचं काम होतं. या विचारापुढे दुसरा विचार नाही. माणसं म्हणतात काळ हे औषध आहे. सात आठवडे झाले, मला तरी ते लागू पडलेलं नाही.

बोट विकून टाकायचं पुण्याच्या भाच्याने ठरवलं. गेल्या रविवारी नाशिकहून एक गृहस्थ बोट बघायला आले. भाच्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेले. त्यांना मी आधीच सांगून टाकलं, डावीकडचा पाइप नवा आहे, उजवीकडचा बदलायचा राहिला.

त्यांनी झाकण उघडलं, मोबाईलचा उजेड आत धरला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"ताई, दोन्ही नवे आहेत," ते म्हणाले. "क्लिपासुद्धा आवळलेल्या आहेत."

मी म्हणाले, नीट बघा. त्यांनी रंगनाथकडून बादली मागून घेतली आणि बसायच्या जागेत ओतली. दोन्ही बाजूंनी पाणी बाहेर आलं, सारख्याच धारेने, आणि खालची माती भिजली. त्यांनी आत हात घालून पाहिलं. आत कोरडं होतं.

म्हणजे त्याचं काम पूर्ण झालं होतं. त्यानंतर त्याला फक्त बाहेर यायचं होतं.

रंगनाथ पाठमोरा झाला. त्या गृहस्थांना काहीच माहीत नव्हतं. रुमालाने हात पुसत त्यांनी कौतुकाने विचारलं, "त्या बाजूला तर हात जायलाच जागा नाही. कुणी केलंय हे काम?"

"माझ्या भावाने."

"भेटतील का ते? तिथे कसे पोहोचले, विचारायचं होतं."

मी नाही म्हणाले.