रेघेला लागलेला हात

दिग्रसच्या स्टँडवर बाबा गॅरेजातून तसेच आले होते, कोपरापर्यंत काळे. माझा नवा शर्ट खराब होईल म्हणून त्यांनी जवळ घेतलं नाही, नुसतं कोपरानं ढोसलं. "दम सोडू नको पोट्ट्या. कितीबी लोक अंगावर पडले तरी रेघेकडं हात लांबव. हात लागला म्हंजे तू जित्ता." यवतमाळची एसटी हलली तरी ते तेच सांगत होते. मी पुण्याला रग्बी खेळायला निघालो होतो, पण बाबांच्या लेखी ती चेंडू घेऊन खेळायची कबड्डीच होती.

बाबांची रेघ म्हणजे आमच्या गॅरेजमागच्या कबड्डीच्या मैदानाची मधली रेघ. बाबा गाड्यांच्या जळक्या ऑइलनं मैदान आखायचे. आमचे कपडे धुताना आई त्यांच्या सात पिढ्या उद्धरायची.

पुण्याहून फ्रान्समधल्या या गावात आलो तेव्हा पंधरा जणांची रग्बी खेळत होतो. त्यात बाबांचंच खरं ठरलं. पाडलं तरी लगेच हात लांबवून चेंडू रेषेवर टेकवला, की ट्राय, म्हणजे गुण. चेंडू घेऊन धावताना मी 'कबड्डी कबड्डी' पुटपुटायचो. संघातल्यांना वाटायचं, मंत्र म्हणतोय. मीही वाटू दिलं.

मग वय झालं आणि क्लबानं नारळ दिला. शेजारच्या गावात तेरा जणांची रग्बी खेळतात, तिथे घेतलं. घरच्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. पण तेराच्या खेळात एकदा धरून पाडलं, चेंडू धरलेला हात जमिनीला टेकला, की संपलं. पुन्हा हात लांबवायचा नाही. नियम मला पाठ होता, माझ्या अंगाला नव्हता.

हंगामाचा शेवटचा सामना होता. त्यावर माझा करार आणि करारावर इथे राहायचं परमिट. शेवटी रेष वीतभर लांब, अंगावर तिघं, कोपर मातीला टेकलेलं. कुठून कोण जाणे, नाकात जळक्या ऑइलचा वास आला आणि हात आपोआप रेषेकडे लांबला. खांद्यात काहीतरी तुटल्याचं आधी ऐकू आलं, मग शिटी. ट्राय बाद. सामना गेला, करार गेला. उजवा हात आता खांद्याच्या वर उठणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

बाबांना फोन केला. खांद्याचं सोडून सगळं सांगितलं.

"रेघेले हात लागला होता का नाही?"

"लागला होता."

"मंग काहून रडून राह्यला? इथं ये. आपल्या इथं रेघेले हात लागला का जित्ता धरतेत. गॅरेज तुलेच पाहा लागते आता."

गाडीखाली उताणं पडून पान्हा वर धरायला खांदा लागतो, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

बॅग भरून बसलोय. माझ्यासारख्या घराबाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला म्हणून सांगतो, मला फार भीती वाटते. इथे राहता येत नाही आणि तिथे माझा उपयोग नाही. घर म्हणजे आता तेवढी एक काळी रेघ, जिथे नुसता हात लागला तरी माणसाला जित्ता धरतात. स्टँडवर बाबा या वेळी शर्टाची पर्वा न करता मला जवळ घेतील. मी त्यांच्या गळ्यात एकच हात टाकीन, आणि तिथेच त्यांना कळेल.