मालतीताई आणि फॅक्टरीमागचा ओढा

कुठल्याही कारखान्यात गेल्या की मालतीताई आधी मागचं दार उघडायला लावत. "पुढच्या दारात सगळेच शहाणे असतात रे," असं म्हणत त्या आवारातल्या गटाराच्या जाळीपाशी उकिडव्या बसत आणि विचारत, "हे पाणी कुठे जातं?" ऑकलंडच्या ओटाहुहू भागातल्या माझ्या फरसाणाच्या फॅक्टरीत त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत मागे जाऊन पाहिलं. ते पाणी थेट मागच्या ओढ्यात जात होतं.

मूळच्या पुण्याच्या ताई ऑकलंडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्या होत्या. जिथे आपण धंदा करतो तिथली माती, तिथलं पाणी आधीपेक्षा बरं कसं करायचं, हे त्या आमच्यासारख्या छोट्या उद्योजकांना हौसेने शिकवत. "तुझा एक भागीदार कागदावर नाहीये, नितीन. तो ओढा. त्याचं त्याला दे." माझी बटाट्याची सालं त्यांनी एका भाजीवाल्या शेतकऱ्याच्या खताला लावून दिली, ट्रे धुवायला आत शहराच्या सांडपाण्याच्या नळाला जोडलेली वेगळी मोरी करवून घेतली, काठावर हाराकेके ही लांब पात्यांची इथली झुडपं लावून घेतली. दोन वर्षांत ओढ्यात वाम मासे दिसू लागले. ताई नव्या लोकांना घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवत, "ह्याने करून दाखवलंय."

ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत आतली मोरी तुंबली. प्लंबर दोन दिवसांनी येणार होता. मी कामगारांना ट्रे बाहेर आवारात धुवायला सांगितलं. हो, मीच. "दोन दिवसांनी काय होतंय," असंही वर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सहा जणांना घेऊन हजर. ओढ्यावर तेलकट फेस होता आणि दोन वाम उताणे तरंगत होते. ताईंचा चेहरा उतरला.

"नितीन, आपल्याकडून काही गेलं का रे?"

'आपल्याकडून' म्हणाल्या त्या. मी म्हणालो, "नाही ताई. शेजारच्या गॅरेजचं असेल."

त्या तडक शेजारी गेल्या. गॅरेजवाला टेविटा हा टोंगा बेटांवरचा अबोल माणूस. ताईंनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. त्याने आवार दाखवलं. त्याच्या जाळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. "आय ॲम सो सॉरी," ताई म्हणाल्या आणि सत्तरीच्या त्या बाईने त्याच्यापुढे हात जोडले. मी कुंपणाशीच थांबलो होतो.

ताई नंतरही येत राहिल्या, चहा घेत, कामाचं विचारत. मात्र नव्या लोकांना माझ्याकडे पुन्हा आणलं नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीकडे वेलिंग्टनला कायमच्या राहायला गेल्या. महिन्याभराने फोन करून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? तुझा शेजारी तिथेच आहे ना?"

शेजारी जायला मला आणखी तीन आठवडे लागले. माझं ऐकता ऐकता टेविटा गाडीखालून बाहेर आला, फडक्याला हात पुसत उभा राहिला. आळ घेतला म्हणून तो चिडेल, या तयारीने मी गेलो होतो.

"माझं सोड," तो इंग्रजीत म्हणाला. "त्या बाई माझ्यापुढे हात जोडत होत्या, तेव्हा तू कुंपणाशी उभा होतास. मी पाहिलं होतं तुला."